कॉलेजचे मोठेपण कशात?

प्रवेशाची यादी किती टक्क्यांवर बंद झाली, यावरून आपल्याकडे कॉलेजची प्रतिष्ठा ठरते. अलेक्झांडर ॲस्टिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हा हिशेबच मान्य नव्हता. 1966 मध्ये त्यांनी कॉलेजात नव्याने येणाऱ्या मुलांची देशव्यापी पाहणी सुरू केली. 1973 मध्ये ती लॉस एंजल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील उच्चशिक्षण संशोधन संस्थेकडे आली. मुलगा येताना काय घेऊन आला, इथे त्याला काय मिळाले आणि जाताना तो कसा झाला, हे तिन्ही पाहिल्यावाचून कॉलेजला श्रेय देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी व सहकारी हेलन यांनी 1969 मध्येच डॉक्टरेट मिळवलेल्या स्त्रियांवर पुस्तक लिहून, शिकलेल्या बायका शेवटी घरीच बसतात, हा समज खोडला होता.

हुशार मुले घेऊन हुशार मुले बाहेर काढली, यात पराक्रम तो कोणता? (आमच्या कॉलेजला तो धोका नाही!) चाळीस टक्क्यांवर आलेली, घरातली पहिलीच शिकणारी मुलगी तिसऱ्या वर्षी भर सभेत उठून प्रश्न विचारते. वार्षिक अहवालात तिची नोंद नसते, कारण ती आली तेव्हा कशी होती, हे कुणी लिहूनच ठेवलेले नसते. प्रवेशअर्जाला एकपानी प्रश्नावली जोडून तीच शेवटच्या वर्षी पुन्हा भरून घ्यायला कितीसा खर्च येईल?