व्हाइट डे नको, वाण हवं

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की आमच्या ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत वर्गणी काढतात. पुरुष किती, पाकिटं किती, साहेबांना जरा बरं कोणतं? पहिल्या वर्षी मी नवीन होते, मुकाट्याने पैसे दिले. जपानात व्हॅलेंटाइन डेला चॉकलेट बायकांनी पुरुषांना द्यायचं. मनातल्या माणसाला देतात ते ‘होनमेई-चोको’, ऑफिसात सरसकट वाटतात ते ‘गिरी-चोको’. गिरी म्हणजे समाजाचं देणं. पुरुषांनी ते फेडायचं १४ मार्चला, व्हाइट डेला. तेही तिपटीने, असा संकेत.

यात जुनी परंपरा वगैरे काही नाही. १९५८ साली तोक्योच्या इसेतान या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मेरी चॉकलेट कंपनीने व्हॅलेंटाइनची विक्री मांडली. व्हाइट डेचं मूळ सत्तरच्या दशकाअखेरीस फुकुओकातल्या इशिमुरा मानसेइदो या मिठाईवाल्यांकडे जातं. आणि १ फेब्रुवारी २०१८ रोजी गोदिवा या चॉकलेट कंपनीने निक्केई या दैनिकात पानभर जाहिरात दिली, की गिरी-चोको आता थांबवा. चॉकलेट विकणाऱ्यांनाच हे सांगावंसं वाटलं, तर बायकांना त्याचा केवढा जाच झाला असेल!

आपल्यातले काही जण म्हणतात, जपानी माणसं भारी औपचारिक. मला हे पटत नाही. माहेरी, मनीषनगरला, आईच्या स्वयंपाकघरात फळीवर तिच्या लग्नातले स्टीलचे डबे आहेत, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घातलेली. घासून घासून अक्षरं पुसट झालीत, पण डबा कुणाचा ते आई हात लावून सांगते. कपाटात आहेराची वही. कुणाकडे कार्य निघालं की ती आधी बाहेर यायची. ‘त्यांनी एक्कावन्न केले होते, आपण एकशे एक करू.’ गिरी याहून वेगळं काय असतं? तरी त्या वहीला अर्थ होता. एका घराला लग्न झेपत नसे, दहा घरं हातभार लावत, मग पाळीपाळीने फेड होई. चॉकलेटच्या पाकिटाने कुणाची अडचण भागते?

त्याच घरात संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू व्हायचं. तीळगूळ, अत्तराचं बोट आणि वाण: कधी चहाची गाळणी, कधी कंगवा, कधी साबणाची वडी. वाण आपण लुटतो. ते वहीत कधी चढलं नाही.

म्हणून इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गेल्या हळदीकुंकवात एका नव्या सुनेने हळूच विचारलं, ‘ताई, वाण किती येनपर्यंतचं घ्यायचं असतं?’ तेव्हा मला फार वाईट वाटलं. तिच्या हातात तो हिशोब आपणच दिला. पिशव्या दरवर्षी जड होत गेल्या, डबे ब्रँडचे झाले. माझी कार्यकारिणीला विनंती आहे: पुढच्या संक्रांतीपासून वाण शंभर येनच्या दुकानातलंच, असं ठरवून टाका. ज्यांना जास्त खर्च करायचा आहे त्यांनाही हाच नियम.

ऑफिसातली वर्गणी देणं मी २०२४ मध्ये बंद केलं. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला वसंत पंचमी होती, रथसप्तमी १६ तारखेला. वाणाचे दिवस चालूच होते. तिळाच्या वड्या करून नेल्या, बायका-पुरुष सगळ्यांना दिल्या, आणि मार्चमध्ये परत काही आणू नका असं निक्षून सांगितलं. तरी १४ मार्चला माझ्या टेबलावर दोन सुबक बांधलेले खोके आलेच. ते मी तिथेच उघडले आणि चहाच्या वेळी मजल्यावरच्या सगळ्यांना लुटले.