पहिल्याच सामन्यानंतरची तक्रार

मंडळी, फुटबॉलवर लिहितोय म्हणून लगेच पान बंद करू नका. ऑफसाइड म्हणजे काय हे मी विचारणार नाही आणि समजावणारही नाही.

विषय आहे कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा. २०२१ साली पहाटे साडेपाचला उठून ज्यांनी अर्जेंटिना-ब्राझील अंतिम सामना पाहिला, त्यांना ती वेगळी सांगायला नको. पण ही स्पर्धा विश्वचषकापेक्षा चौदा वर्षांनी मोठी आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विश्वचषक १९३० चा, ही १९१६ ची.

अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होत होती, म्हणून ब्यूनस आयर्समध्ये चार शेजारी जमले: अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली. तिकडे युरोपात महायुद्ध पेटलेलं. ब्रिटनमधली १८८४ पासूनची चार संघांची स्पर्धा युद्धामुळे बंद होती. १ जुलैला सोमची लढाई सुरू झाली आणि २ जुलैला इकडे या स्पर्धेचा पहिला सामना झाला. ९ जुलैला, ऐन शताब्दीच्या दिवशी, उरुग्वेच्या एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला. असा खंडाचा महासंघ जगात पहिलाच. युरोपला त्यासाठी १९५४ पर्यंत थांबावं लागलं!

स्पर्धेतल्या गमती तर विचारू नका. अर्जेंटिनाचा एक खेळाडू ऐनवेळी उपलब्ध नव्हता, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या होसे लागुनाला मैदानात उतरवलं, आणि पठ्ठ्याने ब्राझीलवर गोलही केला. अर्जेंटिना-उरुग्वे या शेवटच्या सामन्याला एवढी गर्दी झाली की तो सुरू होताच थांबवावा लागला. चिडलेल्या लोकांनी लाकडी स्टँडच पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मैदानावर सामना झाला, ०-० सुटला, आणि पाच गुणांसह उरुग्वे विजेता ठरला. अर्जेंटिनाचे चार गुण.

आता मुद्द्याचं. त्या २ जुलैच्या पहिल्या सामन्यात उरुग्वेने चिलीला ४-० हरवलं. दोन गोल पिएन्दिबेनेचे, दोन इसाबेलिनो ग्रादिनचे. ग्रादिनला एकोणीस पूर्ण व्हायला अजून सहा दिवस होते. तो आणि त्याचा सहकारी हुआन देल्गादो, दोघेही कृष्णवर्णीय. पूर्वज गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेले. सामन्यानंतर चिलीच्या मंडळींनी तक्रार केली, की उरुग्वेने संघात दोन "आफ्रिकन" खेळवले, म्हणून निकाल रद्द करा!

म्हणजे एका खंडाच्या स्पर्धेचा पहिलाच सामना, आणि त्यावरची तक्रार काय, तर हे दोघे तुमच्या देशाचे कसे? तक्रार टिकली नाही, चिलीने पुढे दिलगिरीही व्यक्त केली. ग्रादिन खेळत राहिला आणि तीन गोलांसह स्पर्धेत सर्वांत पुढे राहिला.

हे सगळं मी उत्साहाने सांगत होतो, तर माझा भाचा म्हणाला, "मामा, खेळात राजकारण कशाला आणता? गोल बघा ना."

हे वाक्य आपण सगळेच वापरतो, आणि मला ते पटत नाही. राजकारण मी कुठे आणलं? ते पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. देशाच्या नावाने अकरा जण निवडले, की "देश म्हणजे कोण" याचं उत्तर आपण देऊनच टाकलेलं असतं. निवड समिती ते तोंडाने बोलत नाही, यादीतून सांगते.

आणि ते उत्तर एकदा दिलं की कायमचं राहतं असंही नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली कायद्याने संपली. १९१९ ची स्पर्धा रिओत झाली, तेव्हा जादा वेळेसह दीडशे मिनिटं चाललेल्या निर्णायक सामन्यात उरुग्वेविरुद्धचा एकमेव गोल केला आर्थर फ्रीडेनराइखने. वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. सगळा देश त्याच्यासाठी वेडा झाला. आणि दोनच वर्षांनी, १९२१ च्या स्पर्धेला गोऱ्या खेळाडूंचाच संघ गेला. राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांची तशी इच्छा होती, असं सांगतात. लिमा बार्रेतो या लेखकाने तेव्हाच त्याचा खरपूस समाचार घेतला होता. त्यांनाही कुणीतरी "गोल बघा ना" म्हटलं असेलच!

उरुग्वे म्हणजे स्वर्ग होता, असं माझं म्हणणं नाही. ग्रादिन १९४४ साली हलाखीत गेला, हेही खरं. १९१९ मध्ये धावण्याच्या शर्यतींत दोनशे आणि चारशे मीटरमध्ये खंडाचा विजेता ठरलेला माणूस! टाळ्या वाजवणं एक आणि सांभाळणं दुसरं. पण निदान संघ निवडताना त्या छोट्या देशाने माणूस पाहिला, कातडी नाही. पुढे त्यांनी १९२४ आणि १९२८ चं ऑलिंपिक सुवर्ण, १९३० आणि १९५० चा विश्वचषक जिंकला. १९२४ च्या पॅरिसमध्ये लोकांना वेड लावणारा आंद्रादे आणि १९५० चा कप्तान ओब्दुलिओ वारेला, दोघांचीही मुळं आफ्रिकेतली. जिंकले म्हणून ते बरोबर होते, असं मात्र मी म्हणणार नाही. हरले असते तरी बरोबरच होते.

म्हणून कुठल्याही स्पर्धेचा इतिहास वाचताना विजेत्यांच्या यादीपाशी थांबू नये, असं मला वाटतं. कुणी कुणाबद्दल तक्रार केली तेही पाहावं. कप कुणी नेला ते त्या वर्षापुरतं असतं. "हा आपला नाही" असं कोण कुणाला म्हणालं, हे जास्त काळ पुरतं.

असो. भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही. तुमचं मत काय, ते जरूर कळवा. वेगळं असलं तर आधी कळवा. :-)