बेट फोडायला पहारच हवी

मार्च लागला की आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे माणगा बांबूचे कंद काढायची गडबड सुरू होते. पाऊस यायच्या आत ते नव्या जागी लागले पाहिजेत. नुकताच बांबूकडे वळलेला एक तरुण शेतकरी परवा बाजारात भेटला. म्हणाला, ‘काका, बेट फोडायला टिकेल असं फावडं कुठल्या कंपनीचं घेऊ? दोन मोडली.’ हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. २०१७च्या अखेरीस वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूच्या तोडीचा आणि वाहतुकीचा जाच कमी झाला, आणि ज्यांच्या घरात आधी कुणी बेट फोडलं नव्हतं अशी माणसंही लागवड करू लागली. रोपं, खत, बाजारभाव यांवर त्यांना सल्ला मिळतो. हत्यारांबद्दल कुणी बोलत नाही.

मी त्याला सांगितलं, फावडं कुठल्याही कंपनीचं घे, पण बेट फोडणं हे फावड्याचं कामच नाही.

का नाही, हे कळायला जमिनीखाली काय असतं ते पाहावं लागतं. अमेरिकेत किंवा जपानात परसात पसरणारा बांबू वेगळा. त्याचे कंद जमिनीच्या वरच्या थरात आडवे, लांबवर धावतात. अरुंद, लांब पात्याच्या अखंड पोलादी फावड्याने ते वरून दाबून तोडता येतात, आणि तिकडच्या बागकामाच्या लिखाणात अशाच फावड्यांची शिफारस असते. आपला माणगा, मेस, कळक हे बेटाने वाढणारे. यांचा कंद आखूड, जाड, भरीव आणि वरच्या काठीपेक्षाही रुंद असतो. दर पावसाळ्यात आधीच्या कंदाच्या बाजूच्या डोळ्यातून नवा कंद निघतो, वळून वर येतो आणि त्याची काठी होते. जुना आणि नवा कंद जिथे जोडलेले असतात तिथे एक अरुंद मान असते. या मानेवर मुळं नसतात आणि डोळेही नसतात. तोडायची जागा ती एवढीच. तिथे घाव बसला तर आई कंदाचे डोळे शाबूत राहतात आणि नव्या कंदाचेही. दोन बोटं इकडेतिकडे झालं की पुढच्या पावसाळ्याचा कोंब आपण आपल्याच हाताने मारलेला असतो.

माणग्याच्या बाबतीत हे फारच जपायला हवं. त्याला फुलोरा क्वचित येतो आणि त्यातून बी मिळत नाही. कंद किंवा कांड्या लावूनच त्याची वाढ करायची.

आता आपलं फावडं काय करतं ते पाहा. ते सुटी माती ओढतं आणि घमेल्यात भरतं. त्याचं पातं दांड्याला कोनात बसवलेलं असतं. ते कंदाखाली घालून दांडा उचकला की सगळा ताण पातं आणि दांडा जिथे भेटतात त्या सांध्यावर येतो. स्वस्त फावड्याचं पातं पातळ पत्रा दाबून केलेलं असतं आणि दांड्याची नळी त्याला वेल्डिंगने जोडलेली असते. तिथेच ते सुटतं. त्यामुळे माती ओढायला फावडं घेतानाही पात्याची चकाकी आणि रंग पाहू नका, जोड पाहा. नळी आणि पातं एकाच तुकड्यातून ठोकून काढलेलं असेल तर उत्तम. वेल्डिंग असेल तर ते चारही बाजूंनी सलग फिरलेलं हवं, नुसते चार टाके नकोत.

कंदाशी भिडायचं ते पहारीने. आमच्याकडे कामाला येणारे एक जुने गडी पहिल्याच दिवशी नवख्या मालकाला सांगतात, ‘भाऊनू, फावड्यान बेट फुटूचा नाय. पारय घेवा.’ ही पारय, म्हणजे पहार, घेताना लोक लांबी पाहतात. जाडीही तितकीच पाहावी. पाच फूट लांब आणि २५ मिलिमीटर जाड गोल पहारीचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं. ३२ मिलिमीटरची घेतली तर ते साडेनऊ किलोवर जातं. जड पहार दुकानात भारी वाटते, पण एप्रिलच्या उन्हात जांभ्याच्या जमिनीत दिवसभर उचलायची झाली की दुपारनंतर घाव चुकू लागतात, आणि चुकलेला घाव डोळ्यावर बसतो. एकट्याने काम करणाऱ्याने २५चीच घ्यावी. लांबी मात्र पाच फुटांहून कमी नको. टोकापासून अर्ध्या फुटावर दगडाचा टेकू दिला तर हाताकडे साडेचार फूट उरतात, म्हणजे जोर नऊपट होतो. तीस किलोचा दाब दिला की टोकाशी २७० किलोचा रेटा मिळतो. असा रेटा सोसेल असं फावडं मी पाहिलेलं नाही.

दुकानातल्या पहारीचं चपटं टोक बहुधा बोथट असतं, आणि पुष्कळदा पोलादही मऊ असतं. म्हणून पहार घेऊन थेट लोहाराकडे जावं. चपटं टोक तीन बोटं रुंद करून घ्यावं, त्याला छिन्नीसारखी धार काढावी आणि पाणी द्यायला सांगावं. बांबूत सिलिका असते, ती धार खाते, म्हणून पाणी नीट चढलेलं हवं. ते तपासायची साधी रीत आहे. धारेवर कानस फिरवा. कानस नुसती घसरत असेल तर टोक जास्त कडक झालं आहे, दगडावर आपटलं की टवका उडेल. कानस सहज चावत असेल तर ते मऊ आहे. थोडी चावून अडली पाहिजे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयते करणाऱ्या लोहाराच्या हाताला हा अंदाज पक्का असतो. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो आणि ते पाणी चांगलं घेतं. कंदाची मान तोडायला त्याच पाट्याची एक जाड छिन्नी करून घेतली तर पहारीवरचा ताण हलका होतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ज्या टोकावर घण मारायचा त्याला पाणी देऊ नका. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपचा उडतो आणि तो डोळ्यात जातो. घणाखाली टोक पसरून त्याच्या कडा बाहेर वळल्या की त्या घासून काढाव्यात. चष्मा लावावा, गड्यालाही द्यावा.

फावड्या-कुदळीच्या दांड्याचं लाकूड धामणीचं मिळालं तर दुसरं पाहू नये. ते लवचीक असतं, हिसका पोटात घेतं. बाभळीचंही चालतं. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या आहेत का ते पाहावं. मध्येच तिरप्या होऊन बाहेर पडणाऱ्या रेषेवर दांडा फाटतोच.

हत्यारं अशी हाताशी असली की काम धीराने होतं. बेटाच्या बाहेरच्या अंगाची, गेल्या पावसाळ्यात आलेली काठी निवडावी, पेराच्या थोडं वर तिरपा छेद देऊन ती कमरेएवढी ठेवावी. बाहेरच्या बाजूने कुदळीने चर काढावा, माती फावड्याने ओढावी, मान उघडी पडली की आधी ती तोडावी, आणि मगच पहार खाली घालून कंद उचलावा. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात. मान तोडायच्या आधी उचकलेला कंद आई कंदाची मुळंही ओढून आणतो. जेसीबीने तर हे हमखास होतं. बकेटचे दात मान पाहत नाहीत. एका दिवसात ट्रॉली भरते, पण त्यातल्या किती कंदांचे डोळे शाबूत आहेत हे भरणाराही पाहत नाही. अशा कंदांची लागवड फसली की शेतकरी पावसाला किंवा जातीला बोल लावतो. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्याने पैसे मोजलेले असतात आणि वर्ष घालवलेलं असतं. काढलेला कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावा आणि होईल तितक्या लवकर लावावा, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यावर तो तरुण म्हणाला, ‘काका, घरी आजोबांची जुनी पहार आहे, टोक झिजलेलं. भंगारात काढणार होतो.’ भंगारवाला तिचे किलोवर पैसे देईल. लोहार तीच पहार तापवून, टोक ओढून, शेवटून देतो. दर खेपेला ती बोटभर आखूड होते, आणि लांब पहारीला अशा पुष्कळ खेपा सोसतात. बाजाराच्या दिवशी लोहाराकडे गर्दी असते, त्याने मधल्या वारी जावं, आणि तेही चैत्राच्या आधी. पुढे सगळ्यांचे नांगर आणि कोयते तिथेच येतात.