रुग्णाचा जबाब

‘गुडघे धरले’ एवढी दोन शब्दांची फिर्याद घेऊन लावणीच्या हंगामानंतर कुडाळ परिसरातील एखादी प्रौढ स्त्री दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिच्या हाती क्ष-किरण चित्राची चिठ्ठी देऊन तिला वाटेस लावण्याचा जो प्रघात आपल्या व्यवसायात रूढ होऊ पाहत आहे, त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वस्तुतः अस्थिसंधिवाताचे निदान बहुतांशी हाताने आणि कानाने होते. पन्नाशीच्या आसपासचे वय, श्रमाने वाढून विसाव्याने उतरणारी वेदना, अर्ध्या तासाच्या आत सुटणारा सकाळचा ताठरपणा, गुडघा वाकवताना तळहाताखाली जाणवणारी करकर आणि सांध्याच्या कडेस आलेली हाडाची वाढ, एवढे जुळले असता चित्रावाचून निदान करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र ताठरपणा तासभर टिकत असेल किंवा सांधा हातास ऊन लागत असेल, तर तपास वेगळ्या दिशेने व तातडीने झाला पाहिजे. केलग्रेन व लॉरेन्स यांनी १९५७ साली घालून दिलेल्या, क्ष-किरण चित्रावरून झीज मोजणाऱ्या प्रतवारीशी आमचे भांडण नाही. परंतु चौथ्या प्रतीच्या गुडघ्याने आठवड्याचा बाजार करणारी आणि दुसऱ्या प्रतीच्या गुडघ्याने अंथरूण धरलेली, अशा दोघी ज्याने पाहिल्या, तो चित्रावरून दुःखाचे माप काढणार नाही.

माप काढावयाचे ते कामावरून. कॅनडात सिद्ध झालेली ‘वोमॅक’ ही चोवीस प्रश्नांची प्रश्नावली जगन्मान्य खरी, पण मोटारीतून चढणे-उतरणे, पायमोजे घालणे, स्नानाच्या टबात शिरणे हे तिचे प्रश्न चिखलात ओणवे राहून तरवा लावणाऱ्या आणि आडाळ्यावर बसून नारळ खवणाऱ्या बाईस काय होत! १९९६ साली पुणे जिल्ह्यात भिगवण येथे संधिरोगांची घरोघर पाहणी आरंभणारे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नावलीत भारतीय राहणीस अनुसरून फेरफार केले, हे म्हणूनच मोलाचे. त्यातही रुग्णाचा स्वतःचा जबाब अपुरा असतो. ‘वय झाला, ह्या असाच चालतला’ म्हणून सासू मोकळी होते, आणि वर्षभर ती जेवायला पाटावर बसलेली नाही, हे सोबत आलेली सून सांगते.

तेव्हा व्यवसायबंधूंस विनंती अशी की, उकिडवे बसता येते काय, जांभ्याच्या पायऱ्या आधाराविना उतरता येतात काय, यंदा लावणीस उतरणे झाले काय, या तीन प्रश्नांची उत्तरे केसपेपरावर तारखेनिशी नोंदवावीत, आणि तीन महिन्यांनी औषध बदलण्यापूर्वी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.