ओलाव्याच्या यंत्राचे झाकण उघडा

काटा मारणारा व्यापारी आपल्या बापजाद्यांनीही पाहिला होता. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, मापावर ठेवलेला अंगठा, ही चलाखी डोळ्यांना दिसे, म्हणून तिच्याशी भांडता येई. आता गाडीपाशी ग्रेडर येतो. हातात लहानसे यंत्र, यंत्राला दोन सुया. सुया कापसात खुपसतो, आकडा वाचतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. त्या आकड्याशी भांडायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

आकड्याची किंमत काय? सीसीआयच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव. त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत जितके टक्के जास्त, तितके टक्के भाव कमी. १२ च्या वर माल परत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये होता. आकडा १० आला की क्विंटलमागे १६२ रुपये गेले. वीस क्विंटलला सव्वातीन हजारांच्या आसपास. परत फिरलेल्या गाडीचे भाडे वेगळेच.

गेल्या हंगामात एका जिनिंगच्या आवारात आमच्यातल्या एकाच्या गाडीला सकाळी १३ आकडा लागला. दुपारी, त्याच गाडीला, ११. सकाळी कापसावर दव असते, हे आम्हाला कळते. आपल्यातले काही महाभाग पिचकारी मारून वजन वाढवतात, हेही आम्ही नाकारत नाही. पण गाडीवर रात्रभर ताडपत्री होती. मग सकाळी भिजले होते कोण? कापूस की यंत्र?

हा प्रश्न थट्टेचा नाही. तालुक्याला मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका पोराने तो मनावर घेतला आणि काहीशे रुपयांच्या सामानात तसलेच यंत्र स्वतः जुळवले. त्यासाठी त्याने आर्दुइनो नावाची पाटी घेतली. ही पाटी २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी निघाली, आणि तिचा नकाशा सगळ्यांना उघडा आहे. आम्हाला तीच गोष्ट सर्वांत आवडली.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. कापूस सुका असला की वीज जवळजवळ वाहत नाही. त्याचा रोध कोटी-कोटी ओहमच्या भाषेत मोजावा लागतो. ओल वाढली की रोध झपाट्याने पडतो. एका ठरलेल्या रेझिस्टरला जोडून सुयांमधून बारीकसा प्रवाह सोडायचा, मधल्या सांध्यावरचे व्होल्टेज मोजायचे आणि त्यावरून ओलावा काढायचा. आर्दुइनोवरची चिप शून्य ते ५ व्होल्टचे १,०२४ भाग करते. पोराने सुया थेट चिपला जोडल्या, तर आकडे वेड्यासारखे नाचू लागले. त्या चिपला दहा हजार ओहमच्या आतला रोध चालतो. कापसाचा त्याच्या हजारो पट. मध्ये ऑप-अँपची एक छोटी चिप घातली, ती स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह खात नाही, तेव्हा आकडा स्थिरावला.

आणि तिथेच सकाळचे कोडे उलगडू लागले. एवढ्या बारीक प्रवाहाला वाट सापडायला फार काही लागत नाही. सर्किटच्या पाटीवर बोटाचा चिकटा आणि धूळ बसली, त्यावर पहाटेचे दव धरले, की वीज कापसाला वळसा घालून पाटीवरूनच जाते. यंत्राला वाटते कापूस ओला. कापूस मुठीत घट्ट दाबला तरी आकडा चढतो. तापलेला कापूस वीज जास्त वाहतो, ती दुरुस्ती यंत्रात नसेल तर उन्हातही चढतो. आमच्या गाडीला त्या दिवशी यातले नेमके काय नडले, ते आता सिद्ध करता येणार नाही. पण आकडा म्हणजे देवाची वाणी नव्हे, एवढे सिद्ध झाले.

ज्वारीच्या यंत्राची तऱ्हा निराळी. तिथे भांड्यातले धान्य कपॅसिटरच्या पत्र्यांमध्ये येते. भांडे सैल भरले की दाबून भरले, आणि यंत्रावर ज्वारी निवडली की गहू, यावर आकडा हलतो. माप घालताना बटणाकडेही बघा.

याहून मोठा घोळ हिशेबाचा आहे. १०० किलो कापसात ८ किलो पाणी असेल, तर एकूण वजनावर ओलावा ८ टक्के. तोच ओलावा ९२ किलो कोरड्या मालावर मोजला तर ८.७ येतो. कापडधंद्यात कोरड्या वजनावर मोजण्याची रीत जुनी आहे. कोरड्या वजनावर १२ दाखवणारा कापूस एकूण वजनावर १०.७ च असतो. सव्वा टक्क्याहून जास्त फरक, आणि कापसात पाण्याचा थेंबही वाढलेला नाही! यंत्र कोणत्या हिशेबाने बोलते, हे ग्रेडरला विचारा. बहुधा त्यालाही कुणी सांगितलेले नसेल.

आमचे म्हणणे यंत्र फोडा असे नाही. ग्रेडरच्या नुसत्या बोटांपेक्षा यंत्र बरेच. पण सुया मोकळ्या हवेत धरून यंत्र काय दाखवते ते आधी आमच्यासमोर दाखवा. एकाच बनावटीची दोन यंत्रे असतील तर एकाच रेझिस्टरवर दोन्ही लावून बघू. वाद मिटला नाही, तर नमुना वजन करून १०५ अंशांच्या भट्टीत पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. जे वजन घटले ते पाणी. यात ना चिप, ना सुया.

पुढच्या जिल्हा बैठकीला पोराचे यंत्र आणि एक भट्टी ठेवणार आहोत. येताना प्रत्येकाने आपला मूठभर कापूस प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून आणावा. पिशवीवर गावाचे नाव आणि वेचणीची तारीख लिहावी.