अटक म्हणजे गुन्हा नव्हे

पार्सल ऑफिसातून माल गेला, आरएमएसमध्ये टपालाची थैली कमी भरली, की पहिले वाक्य ठरलेले: "तो पूर्वीही आत जाऊन आलाय!" साहेब बोलतील तेव्हा बोलतील, त्याआधी ते आपल्याच कँटीनमध्ये ऐकू येते. याची आम्हाला शरम वाटते.

बंधूंनो, १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ५४ जे सांगत होते तेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ४९ सांगते. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य गैरलागू. चारित्र्याचा प्रश्न निघालाच, तरी कलमाच्या स्पष्टीकरणात उल्लेख आहे तो पूर्वीच्या शिक्षापात्र ठरलेल्या गुन्ह्याचा, नुसत्या अटकेचा नाही. अटक हा पोलिसांचा संशय. कोर्टाचा निकाल नव्हे. मे १९७४ च्या संपात हजारो रेल्वे कामगार तुरुंगात गेले. ते काय चोर होते?

मात्र एक दार आपणच उघडून देतो. वकील हौसेने साक्षीदार उभा करतो आणि वदवून घेतो, "पंचवीस वर्षे निष्कलंक नोकरी." बचावाने चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला की सरकारी पक्षाला उत्तरादाखल वाईट चारित्र्य काढण्याची मुभा मिळते. तेव्हा वकिलाला आधीच सगळे सांगा, रेल रोकोतली जुनी अटकसुद्धा. जामिनाच्या वेळी जुन्या नोंदी पाहतात, ती गोष्ट निराळी. खटल्यात कोणी त्या काढल्या, तर आपल्या वकिलाने तिथल्या तिथे हरकत घ्यावी आणि ती नोंदवून घ्यावी.