डॉ. ज्युलियन यांना नोकरी कोणी दिली?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधकांचा विषय निघाला की विद्यापीठ-प्रवेशाची चर्चा पुष्कळ होते. विज्ञानातील डॉक्टरेट हाती आल्यावर उद्योगाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकताना काय घडते, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. विद्यापीठ प्रबंध तपासून पदवी देते. उद्योग माणूस निवडताना त्याच्या ज्ञानाबरोबरच तो सहकाऱ्यांत, ग्राहकांत आणि कारखान्याच्या गावात खपेल की नाही याचाही हिशेब करत आला आहे, आणि हा हिशेब कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो.

अमेरिकन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय एडवर्ड बुशे यांना येलने १८७६ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी दिली, पण त्यानंतरची २६ वर्षे त्यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकवण्यात घालवली, कारण संशोधनाची जागा त्यांच्यासाठी कुठेच नव्हती. त्यांच्यानंतर अर्ध्या शतकाने पर्सी ज्युलियन यांच्या वाट्याला आलेला अनुभव अधिक बोलका आहे. गुलामांचे नातू असलेल्या ज्युलियन यांनी हार्वर्डमधून रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. तथापि गोरे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकायला राजी होणार नाहीत या सबबीखाली तेथील अध्यापन-साहाय्यकाची जागा त्यांना मिळाली नाही, आणि अखेर १९३१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली ती व्हिएन्ना विद्यापीठात.

मायदेशी परतल्यावर इंडियानातील डीपॉ विद्यापीठात, व्हिएन्नातील सहकारी योसेफ पिकल यांच्यासह, त्यांनी १९३५ मध्ये फायसोस्टिग्मीनचे संपूर्ण संश्लेषण सिद्ध केले, म्हणजे आफ्रिकेतील कॅलाबार घेवड्यापासून मिळणारे आणि काचबिंदूवर वापरले जाणारे हे द्रव्य साध्या रसायनांपासून प्रयोगशाळेत घडवून दाखवले. या यशानंतर ड्यूपाँट कंपनीने पिकल यांना नोकरी देऊ केली, ज्युलियन यांना मात्र नाकारली. प्रयोग एकच, शोधनिबंध एकच, आणि निकाल दोन! विस्कॉन्सिनमधील ॲपलटन येथील कागद-रसायनशास्त्राच्या संस्थेला ज्युलियन हवे होते, पण कृष्णवर्णीयाने रात्री गावात मुक्काम करू नये असा तिथला दंडक असल्याने तीही नेमणूक बारगळली. याच संस्थेच्या संचालक मंडळावर असलेले, ग्लिडन कंपनीचे उपाध्यक्ष डब्ल्यू. जे. ओब्रायन यांनी ही संधी हेरली आणि १९३६ मध्ये शिकागोतील आपल्या सोयाबीन विभागाच्या संशोधनाची सूत्रे ज्युलियन यांच्या हाती सोपवली.

आज विदर्भ-मराठवाड्याच्या परिचयाचे असलेले हे पीक ज्युलियन यांच्या प्रयोगशाळेत निराळ्याच रूपांत अवतरले. त्यातील प्रथिनापासून कागदावर चढवायचा लेप आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने वापरलेला अग्निशामक फेस तयार झाला. १९४० मध्ये सोयाबीन तेलाच्या एका प्रचंड टाकीत पाणी शिरून तळाशी पांढरा साका जमला. इतरांच्या लेखी ती केवळ नासाडी होती. त्या साक्यात स्टेरॉल आहेत, म्हणजे ज्यांपासून संप्रेरके बनवता येतात अशी मेदसदृश संयुगे आहेत, हे ज्युलियन यांनी ओळखले आणि त्यातून गर्भधारणा टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन शक्य झाले. यानंतरही शिकागोजवळील ओक पार्क येथील त्यांच्या घराला १९५० मध्ये आग लावण्यात आली आणि पुढच्या वर्षी तेथे स्फोटके फेकण्यात आली, यावरून कर्तृत्वाने वर्णद्वेष आपोआप विरघळतो हा समज किती भाबडा आहे हे कळावे.

ज्युलियन यांना वाट मिळाली ती निर्णयाचा अधिकार असलेला एक गृहस्थ आतल्या बाजूला होता म्हणून. पण योगायोगाला धोरण म्हणता येत नाही. त्या दृष्टीने टेलिफोन-उद्योगातील बेल प्रयोगशाळेचे उदाहरण अधिक उपयुक्त ठरते. मॅकगिल विद्यापीठाचे डॉक्टरेटधारक लिंकन हॉकिन्स १९४२ मध्ये तेथे रुजू झाले आणि टेलिफोनच्या तारांवरील प्लास्टिकचे आवरण ऊन-वाऱ्यात तडकू नये यासाठी त्यांनी सहकाऱ्यासह टिकाऊ मिश्रण शोधले. पण एकट्यादुकट्याच्या नेमणुकीने चित्र पालटत नाही. १९७० मध्ये तेथील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी, ज्यांत ध्वनिशास्त्रज्ञ जेम्स वेस्ट आघाडीवर होते, स्वतःची संघटना उभी केली आणि व्यवस्थापनामागे तगादा लावला. १९७२ पासून अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी डॉक्टरेटची शिष्यवृत्ती सुरू झाली, जिच्यात शिक्षणखर्चाबरोबर प्रयोगशाळेतील मार्गदर्शक आणि उन्हाळी काम यांचाही समावेश होता. पदवीच्या आधीच ओळखी जुळवून देणे हेच या योजनेचे खरे मर्म होते, कारण उद्योगातील जागा पुष्कळदा शिफारशीने भरल्या जातात आणि शिफारस करणारा परिचित ज्याच्यापाशी नाही, त्याचा अर्ज ढिगातच राहतो.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनीही आपले समावेशक उपक्रम आवरते घेतले. कंपन्यांचे हे पाऊल चुकीचे आहे. निकाल प्रवेशापुरता होता, कंपन्यांनी त्याचा आडोसा घेतला. नोकरीतील भेदभावाला बंदी करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा अद्याप लागू आहे. कृष्णवर्णीयांच्या चळवळीने मिळवलेल्या या कायद्यात वंश व वर्णाबरोबर मूळ राष्ट्रीयत्वाचाही उल्लेख आहे, आणि पुण्या-मुंबईहून डॉक्टरेटसाठी जाऊन तिथल्या औषध व संगणक कंपन्यांत स्थिरावलेले मराठी संशोधक अन्यायाविरुद्ध दाद मागतात तेव्हा त्यांना आधार असतो तो याच कायद्याचा.